कंबरेएवढ्या पायऱ्या

कस्तुरीची तीन मतं चंद्रावरच्या अख्ख्या वसाहतीला पाठ होती. गेमचे जादा भाग विकत घेणारे आळशी. स्वतःची लेव्हल बांधायला एडिटर नसलेला गेम अर्धाच. आणि संवाद मराठीत आणले म्हणून गेम आपला होत नाही, त्यातली उडीसुद्धा आपली हवी! इथेच जन्मलेल्या तिला पृथ्वीवरच्या गेममधली माणसं धोंड्यासारखी आदळताना बघवत नसत.

आज मात्र तिने स्वतःच एडिटरमध्ये पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण निवडलं होतं, खास बाबासाठी.

“बाबा, पळत ये! तुझं देवरुखचं घर बांधलंय. तू सांगतोस ना, अगदी तस्सं!”

बाबाने कंट्रोलर घेतला. जांभ्या दगडाचा चौथरा, बाजूला रातांब्याचं झाड, दाराशी पाच पायऱ्या. तो पायऱ्यांपाशी आला आणि तिथेच अडकला. एकेक पायरी कंबरेएवढी होती.

“अगं, एवढ्या उंच?”

“पायऱ्या एवढ्याच असतात!” कस्तुरी चिडली. वसाहतीतल्या सगळ्याच तशा होत्या. एक उडी, एक पायरी.

बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. “तिथे वीतभर असतात गं.”

“वीतभर? मग तर सोप्पंच!”

तिने घाईघाईने पायऱ्या वीतभर केल्या, कंट्रोलर हिसकावला, गेममध्ये सवयीने उडी मारली आणि दुसऱ्याच पायरीवर तोंडावर आपटली. पुन्हा मारली, पुन्हा आपटली.

“बाबा, काय जबरदस्त अवघड लेव्हल झालीय ही!”

बाबाने तिच्या हातावर हात ठेवला. “उडी नको मारूस. थांब, तुला चालायला शिकवतो.”