भोकाचे पैसे

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, तेरावं झाल्यावर त्यांनी साठवलेल्या इंग्रजांच्या काळातल्या शेकडो भोकाच्या पैशांची पिशवी मी भिंगारला बाबाजानभाईंच्या मोडीच्या दुकानात नेली.

“हे घरोघरी हायेत. तांब्याच्या भावानं घेईन,” ते म्हणाले.

“आमच्या अण्णांना, राधाकृष्ण मास्तरांना, दर रविवारी विकत होतात, तेव्हा दुर्मीळ होते म्हणे. मास्तर काय गेले, तुमच्या ज्ञानात केवढी भर पडली!”

त्यांनी तराजू खाली ठेवला. “मास्तर गेले? तरीच दोन रविवार आले न्हाईत. तुमी नागपूरच्या ताई ना? त्यांना म्हाईत हुतं, ह्याला किंमत न्हाई. पन काही घेतल्याबिगर दुकानात बसायला लाजायचे.”

“बसून करायचे काय?”

“तुमची पत्रं वाचून दाखवायचे. नवं आलं नसंल तर जुनंच.”