उपकारस्तुतीच्या आधी

यंत्रात तीन कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्यात एक चेंडू: निळा, पिवळा, लाल. नळी तोंडात धरून श्वास आत ओढला की चेंडू वर जायचे. तिन्ही वर गेले म्हणजे फुप्फुस नीट उघडलं. प्रीतम साळव्यांनी श्वास ओढला. निळा चेंडू बोटभर वर आला, डळमळला आणि खाली बसला. पिवळा, लाल जागचे हललेसुद्धा नाहीत.

"झालं," म्हणत त्यांनी यंत्र टीपॉयवर ठेवलं.

"एकदाच केलंत, बाबा."

"उद्या करू."

समीक्षाने नळी पुसून ठेवली. कालही ते हेच म्हणाले होते. न्यूमोनिया कधीच गेला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हा व्यायाम टाळला तर फुप्फुसाचा खालचा भाग मिटलेलाच राहील आणि पुन्हा दवाखाना धरावा लागेल. ती वागळे इस्टेटमधल्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची. औषधं बरोबर, जेवण बरोबर, तरी बाबा जोर का लावत नाहीत, हे काही तिला कळेना.

दिवेलागणीला आईने टीव्ही बंद केला, डोक्यावर पदर घेतला आणि प्रार्थना सुरू केली. यांचा खोकला जाऊ दे. धाप कमी होऊ दे. पायांची सूज उतरू दे. रात्री झोप लागू दे. समीक्षाने डोळे मिटले नव्हते. ती बाबांकडे पाहत होती. आईच्या प्रत्येक वाक्याला त्यांचे खांदे थोडे खाली जात होते.

"आमेन," आई म्हणाली.

"रोज माझा रिपोर्ट वाचतेस त्याच्यापुढे," बाबा म्हणाले. "त्याच्याकडे कॉपी असेल ना."

"मग मागू पण नको का?"

"माग की. पण आल्या आल्या मागायचं? आधी त्याच्याशी चार शब्द चांगले बोलावेत. पूर्वी आपण रोज गायचो."

"गाऊ ना. तुम्ही बरे झालात की उपकारस्तुती ठेवायचीच आहे. पास्टरांना सांगून ठेवलंय. सगळी मंडळी येईल, चहा-समोसे करू. त्या दिवशीच पेटी निघेल, असं बोललेय मी प्रभूला."

पेटी कपाटाशेजारी चादरीत गुंडाळून ठेवली होती. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी बाबांनी ती वाजवली होती.

"म्हणजे आधी त्याने काम करायचं, मग आपण कौतुक करणार?" समीक्षा म्हणाली. "आमचा साहेबपण असंच करतो."

"तू गप गं," आई म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला. तिने पदर पुन्हा पुढे ओढला.

"हे प्रभो, तू थोर आहेस. तू सामर्थ्यवान आहेस, म्हणून यांच्या छातीतला कफ..."

बाबांनी बोट वर केलं. "गाडी दवाखान्याकडे वळली."

आई थांबली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडली. मागणं काढून टाकल्यावर तिला शब्दच सापडेनात. खाली कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती तीनदा घुरघुरली आणि निघून गेली. मग आई अगदी हळू, शेजारच्या माणसाशी बोलावं तशी बोलली.

"प्रभो, तू कंटाळत नाहीस. मी रोज तेच तेच सांगते. यांना कंटाळा आला, पोरीला आला. तू मात्र ऐकून घेतोस. असा तू आहेस."

कोणीच आमेन म्हटलं नाही. बाबा आईकडे बघत राहिले.

आईने डोळे पुसले. "समीक्षा, पेटी काढ."

"अगं आई, प्रभूला बोललीस ना?"

"त्याला मी सांगेन काय ते. तू काढ."

समीक्षाने चादर सोडली. बाबांनी भाता दोनदा रिकामाच हलवला, पट्ट्यांवरून बोटं फिरवली आणि खालचा सूर धरला. त्यांच्या आवडीचं स्तुतीचं भजन होतं. पहिली ओळ ते पूर्वी एका दमात म्हणायचे. आज ती तीन ठिकाणी तुटली. दुसऱ्यांदा दोन ठिकाणी तुटली. आईने मधला तुकडा उचलून धरला, समीक्षाने टाळी धरली, आणि धाप लागली तरी बाबांनी पेटी सोडली नाही. ओळ पुढे नेता यावी म्हणून ते आधीच खोल, पोटापर्यंत श्वास भरून घेऊ लागले.

भजन संपलं. बाबा घामाघूम झाले होते. समीक्षाने पाण्याचा पेला दिला, तो त्यांनी अर्धाच प्यायला.

"ते आण इकडे," त्यांनी टीपॉयकडे हात केला.

समीक्षाने यंत्र दिलं. बाबांनी नळी ओठांत धरली आणि श्वास ओढला.

निळा चेंडू वर जाऊन टेकला. पिवळा निम्म्यापर्यंत चढला, आणि समीक्षाने मनात चार मोजेपर्यंत तिथेच राहिला. लाल हलला नाही.