लिंडसेचा मोनोपॉड

"ट्रायपॉड घरी ठेवलास?" डडलीने डिकीत पुन्हा एकदा डोकावून पाहिलं. "आणि धबधब्याला हा एका पायाचा मोनोपॉड? अरे म्हाताऱ्या, पाणी दुधासारखं यायला कॅमेरा दगडासारखा स्थिर लागतो. तुझ्या फोटोत नुसतं सूप दिसेल."

"ट्रायपॉडचं ओझं होतं आता," लिंडसे म्हणाला. मग मोनोपॉड त्याने बायकोच्या हातात दिला. "ग्लेनिस, एवढं धर गं. माझ्याकडे बॅग आहे."

ग्लेनिसने तो घेतला. वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं. लिंडसे आणि डडलीच्या होबार्टमधल्या कॅमेरा क्लबमध्ये यंदाचं बक्षीस वाहत्या पाण्याच्या फोटोला होतं. लिंडसेचा नंबर दर वर्षी थोडक्यात हुकायचा, म्हणून तो हिवाळाभर दुकानं पालथी घालत होता. हा स्टँड जड, तो वाऱ्यात हलतो, त्याचे पाय चिखलात रुततात. जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. एवढं करून शेवटी आणला तो हा दांडा. वरच्या स्क्रूवर त्याने जाड फोम गुंडाळला होता. पावसाने गंजू नये म्हणून, म्हणे.

वाट ओली होती. नेच्यांच्या पानांवरून मानेत थेंब पडत होते. ग्लेनिसचं खुब्याचं दुखणं पहिल्याच उतारावर जागं झालं. डॉक्टरांनी दिलेली काठी घरी शेडमध्ये, गवत कापायच्या यंत्रामागे पडून होती. काठी म्हातारीच्या हातात शोभते, असं तिने लिंडसेला बजावलं होतं. त्याने पुन्हा विषय काढला नव्हता. आता दांडा हातात होताच, तर ती तो टेकत टेकत चालली. आपली ही शेवटची ट्रिप, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. गाडीत बसल्यावर त्याला सांगून टाकायचं.

धबधब्यापाशी क्लबातल्या सगळ्यांचे ट्रायपॉड उभे राहिले. लिंडसेने आपली लोकरी टोपी खडकावर ठेवली, तिच्यावर कॅमेरा टेकवला आणि श्वास रोखला. कॅमेरा कलला. त्याने सरळ केला. पुन्हा कलला.

"अरे, मग हा कशाला वाहून आणलाय मी?" ग्लेनिस वैतागली. "घे ना!"

"राहू दे. तुझ्याकडेच असू दे."

असा कसा राहू दे? तो होता ताडमाड, आणि दांडा जेमतेम त्याच्या मांडीपर्यंत. ओढून लांब केला की बसेल डोळ्याशी. ती खडकावर टेकली आणि तिने वरचा सांधा पिळला. तो हलला नाही. खालचा पिळला. तोही नाही.

"इकडे दे," डडली म्हणाला. "जाम झाला असेल. नवा माल सगळा असलाच."

ग्लेनिसने चष्मा पुसून नीट पाहिलं. सांध्यांच्या कडेने पिवळट गोंदाची बारीक रेघ होती. ओघळ नाही, डाग नाही. घरातल्या फुटक्या कपाचा कान लिंडसेने असाच बसवला होता. सगळे सांधे कायमचे चिकटवलेले होते. तिने दांडा जमिनीवर उभा केला. फोमची मूठ बरोबर तिच्या तळहाताखाली आली.

लिंडसे कॅमेऱ्याला डोळा लावून बसला होता. पाठमोरा. त्याचे कान लाल झाले होते.

"जाम नाहीये," ती डडलीला म्हणाली. "तू तुझं पाणी बघ."

परतीच्या चढावर तिने दांडा उघडपणे काठीसारखा धरला. पुरता भार टाकून, दर वळणावर थांबत ती वर आली. लिंडसे दोन पावलं मागे होता. कॅमेऱ्यातल्या फोटोंत खरोखरच सूप होतं.

गाडीशी पोचल्यावर ती वळली.

"लिंडसे, पुढच्या ट्रिपला नवा आणशील, तेव्हा दोन बोटं लांब ठेवून चिकटव. उतारावर मला वाकावं लागतं."