इंदुमतीबाईंचं वळण

नवऱ्याला ऑपरेशनसाठी आत नेलं, तेव्हा संमतिपत्राच्या पडद्यावर इंदुमती खानोलकरांनी सावकाश लिहिलं, ‘ऑपरेशनला माझी संमती आहे.’ ओळ लाल झाली आणि पुसली गेली.

“काकू, हे अक्षर चालणार नाही,” काउंटरवरची मुलगी म्हणाली. “हा एका कंपनीचा फॉन्ट आहे. हॉस्पिटलकडे तो नुसता वाचायचा परवाना आहे, नव्या कागदात घालायचा नाही.”

“अगं, तो फॉन्ट माझ्याच अक्षरावरून केलाय. मी शाळेत फळा लिहायचे, तो बघून आले होते ते लोक. अकरा वर्षांपूर्वी मीच सही करून ते कंपनीला दिलं.”

“असेल हो. पण मशीनला ते कसं कळणार?”

त्यांनी घाईघाईत लिहून पाहिलं, मग तिरकं लिहून पाहिलं. चाळीस वर्षं घोटलेलं वळण काही जाईना. प्रत्येक ओळ पुसली गेली.

आतून नर्स आली. “झालं का? डॉक्टर खोळंबलेत. पेशंटला आता थांबवता येणार नाही.”

इंदुमतीबाईंनी पेन डाव्या हातात घेतलं. वेलांट्या कोलमडल्या, ‘संमती’ रेघ सोडून खाली घसरली. पहिलीतल्या मुलांकडूनही असलं अक्षर त्यांनी कधी चालवून घेतलं नव्हतं.

पडद्यावर हिरवी खूण उमटली. नर्स धावत आत गेली.

“सुटलात काकू,” मुलगी हसून म्हणाली. “तुमच्या नावावर आता याच अक्षराची नोंद झालीय. यापुढे सगळीकडे असंच लिहा हं, नाहीतर ओळख पटणार नाही.”