गोळी घेतली का?

बुद्धघोष पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर. बेंबळीत एकटी राहणारी त्याची आई बीपीची गोळी विसरायची, म्हणून त्यानं तिच्या मोबाइलवर एक एआय ॲप बनवून दिलं. ते रोज सकाळी विचारायचं, "गोळी घेतली का?" ती "व्हय" म्हणाली की काम झालं. "न्हाय" म्हणाली की बुद्धघोषला मेसेज जायचा आणि तो हातातलं सगळं टाकून फोन करायचा.

"माय, गोळी घे की."

"घेते रे. तू काय खाल्लंस सकाळी?"

हळूहळू रोजच "न्हाय" यायला लागलं. ॲपला आपली बोली कळत नसणार, असं वाटून त्यानं गावाकडच्या माणसांचे आवाज ऐकवून ऐकवून ते पक्कं केलं. तरी "न्हाय"च. शेवटी चूक शोधायला तो एका रविवारी न सांगताच गावी गेला. दारात पोचला तेव्हा आत ॲप विचारतच होतं. आईनं गोळी तोंडात टाकली, वर घटाघटा पाणी प्याली आणि ठणकावून म्हणाली, "न्हाय!"



मग मोबाइल मांडीवर घेऊन लेकाच्या फोनची वाट बघत बसली.