थर्टी फर्स्टचं वाजवणं

“त्याच्याबद्दल चांगलं ऐकायचं असंल तर दुसरं घर बघ गो बाय,” राहीबाई म्हणाली आणि सुपातले वाल निवडायला लागली.

मानसी हिरमुसली. बिचारी मुंबईहून महाडजवळचं नाते हे गाव शोधत आली होती. कॉलेजात शिकवायची, आणि जॅझ वाजवणाऱ्या जुन्या थोर कलावंतांची आयुष्यं रेकॉर्ड करून लोकांना फोनवर ऐकवायची. त्या थोरांच्या पंगतीत तिनं राहीबाईच्या नवऱ्याला बसवलं होतं. श्रीपत तांबे, सॅक्सोफोन. हे ऐकून बौद्धवाडीतल्या शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. श्रीपत? तो कंपनीच्या गेटवरचा वॉचमन? मरून इतकी वर्षं झाली, पण वाडीला त्याची शिट्टी तेवढी आठवत होती.

“आजी, त्यांना ऐकायला मुंबईच्या त्या मोठ्या हॉटेलात लोक ताटकळत उभे राहायचे.”

“ऱ्हाऊ देत. माझी पोर मेली तवा तो तिथंच पिपाणी फुंकीत होता.”

राहीबाई हे कुणालाही सांगायची. त्यात लपवायचं काय? आमू पहिलीवहिली पोर, नुकती बोलायला लागलेली. तापानं फणफणली आणि एकतीस डिसेंबरला पहाटे गेली. महाडला माणूस धाडून बापाला तार केली. दिवसभर पोरीला मांडीवर घेऊन राहीबाई रस्त्याकडं डोळे लावून बसली. गाडी आली, गेली. बाप काही उतरला नाही. दिवस कलला तशी वाडीतली माणसं म्हणाली, आता थांबून भागायचं नाही. चुलत्यानं माती दिली.

श्रीपत उगवला तो थेट दुखवट्याच्या जलदान विधीच्या दिवशी, सगळं आटपल्यावर. डोळे कोरडे ठणठणीत. “तार दुपारी मिळाली. पण थर्टी फर्स्ट होता, सोडलं नाय कुणी,” एवढंच बोलला. मुंबईला परत गेला नाही. पिपाणी पोलादपूरच्या एका बँडवाल्याला देऊन टाकली. हॉटेलवाल्यांनीच हाकलला असणार, असं राहीबाईनं धरून टाकलं. पुढं संसार झाला, सुहास झाला, त्याचं लग्नही झालं. पण पोटच्या पोरीसाठी एक टिपूस न गाळणारा माणूस तिच्या मनातून उतरला तो उतरलाच.

मानसीनं मनाशी वर्षांचा हिशेब केला. मग चाचरत म्हणाली, “बहात्तर साल होतं का आजी?”

“तेच. कशाला?”

“त्या रात्रीचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. त्यांचं शेवटचं. खरं तर त्याच्यासाठीच मी आले.”

आता सांगू की नको, असं तिला झालं. पण राहीबाईनं सूप बाजूला सारलं होतं. या संगीतात, मानसी सांगू लागली, प्रत्येकाची एकेक पाळी असते. आपली पाळी आली की मनाला येईल ते वाजवायचं, बाकीच्यांनी साथ करायची. त्या रात्री श्रीपतची पाळी आली आणि त्यानं काहीच वाजवलं नाही. हॉटेल खचाखच भरलेलं, लोक नाचतायत, ड्रम चालू, आणि हा सॅक्सोफोन धरून नुसता उभा. पाळी संपेपर्यंत. “अशी हिंमत तोवर कुणी केली नव्हती. जाणकार आजही त्यावर बोलतात. मी मुलांना सांगते, न वाजवणं हा त्यांचा सगळ्यात मोठा विचार होता.”

“वाजवायला गेला नि वाजवलाच नाय, ह्याला विचार म्हणतात काय तुमच्यात?” राहीबाई फणकारली. पण लगेच हात पुढं केला. “आण बघू.”

नवऱ्याचं हे वाजवणं तिनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. त्या हॉटेलात तिला घेणार कोण? आणि गावी आला की त्याची पिपाणी पेटीत. मानसीनं हेडफोन तिच्या कानांवर बसवला आणि दुसरा आपल्या कानांना लावला.

आधी नुसता गलका आला. हसणं, ग्लासांची किणकिण, इंग्रजीत कुणाचं तरी ओरडणं. मग बाजा सुरू झाला. एकानं वाजवलं, टाळ्या पडल्या. दुसऱ्यानं वाजवलं. मग ड्रम एकटाच चालू राहिला.

“हीच ती जागा,” मानसी पुटपुटली. “नीट ऐका, मध्येच त्यांचा श्वास येतो. अर्धवट तोडलेला. फार सुंदर आहे तो.”

राहीबाईचा चेहरा उतरला. “परत लाव,” ती म्हणाली. मानसीनं परत लावलं.

हा आवाज तिला पाठ होता. याच आवाजाशेजारी तिचं सगळं आयुष्य गेलं होतं. घरात दिवा घालवला की पडवीतून तो यायचा. घशातून निसटलेला, तिथंच दाबलेला. काय झालं म्हणून आतून विचारलं की श्रीपत म्हणायचा, “खोकला गो. पिपाणीनं छाती खाल्ली माझी.”

तिनं हेडफोन काढला. तो मांडीवर ठेवायचंही तिला सुधरेना. मानसीनं घाबरून तिचा हात धरला.

“आजी, काय झालं?”

“श्वास नाय गो तो. रडतायत ते.” राहीबाई हेडफोनकडं बघत म्हणाली. “आणि मी मेली जन्मभर ह्यांना अडुळशाचा काढा पाजत रायले.”