केळीचं एकच पान

नवरा सुरी घेऊन केळीपाशी उभा होता. लीड्सच्या थंडीतून वाचलेल्या त्या केळीला एकच पान फुटलं होतं.

"आज नानांचं वर्षश्राद्ध. बापाला वाढायला केळीचं पान नको?"

"केळही त्यांनीच लावलेली," मी म्हणाले. "दर हिवाळ्यात स्वतःची गोधडी गुंडाळायचे तिला. यंदा मी गुंडाळली, कालच सोडली. तू बघायलाही आला नाहीस. हे पान गेलं तर ती जगायची नाही."

त्याने पान धरलं. मी त्याचं मनगट धरलं. आत भात निवत होता.

मग त्याने सुरी गवतात टाकली. पान न कापताच हळूहळू खाली वाकवलं, तिथेच पडलेल्या गोधडीवर टेकवलं आणि तसंच धरून बसला.

"वाढ," तो म्हणाला.